मोहोरबंद माऊस

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही परीक्षेला बसला आहात. अभ्यास झालेला आहे. पेन तुमचंच, रोजचं. हातही तुमचाच. आणि लिहायला लागता, तर प्रत्येक अक्षर ओळ सोडून पुढे पळतंय! काना द्यायला जावं, तर तो पानाबाहेर. तुम्ही घाबरून पेन आणखी घट्ट धरता. अक्षर आणखीच पळतं. समोरचे परीक्षक मान हलवून काहीतरी टिपून घेतात. ओरडून सांगावंसं वाटतं, 'अहो, असं नाही लिहीत मी!' पण ऐकणार कोण?

आलं डोळ्यांसमोर? उघडा आता. मुंगी नावाच्या एका मुलीचं त्या सकाळी नेमकं हेच झालं. फरक एवढाच, की तिच्या हातात पेन नव्हतं, संगणकाचा माऊस होता. आणि परीक्षा होती व्हिडिओ गेमची.

हसू नका. मोठी माणसंही अशीच हसली, आणि त्यांच्या हसण्यापायी निरीक्षकबाईंचा दिवस जवळजवळ पाण्यात गेला.

निरीक्षकबाई परीक्षा मंडळाच्या. पेपर फुटला, एकाच्या जागी दुसराच बसला, असं काही झालं की मंडळ त्यांना धाडायचं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला आणि फोन वाजला.

"बाई, ताबडतोब या." शाळेचे मुख्याध्यापक होते. "ते नवीन प्रमाणपत्र नाही का, स्पर्धात्मक व्हिडिओ गेमिंगचं? आज पहिल्या तुकडीचं प्रात्यक्षिक होतं. एका मुलीचा नेम चुकला, सगळा संघ नापास झाला, आणि ती आता दारात उभी राहिली आहे. परीक्षकांना बाहेर सोडत नाही."

"तिला बाजूला करा."

"करून पाहिलं. चावली."

बाईंनी डबा बंद केला.

परीक्षेची खोली लांबट होती. एका रांगेत पाच संगणक. मुलांची तोंडं दाराकडे, म्हणजे दारातून पडद्यांच्या पाठी तेवढ्या दिसत. भिंतीवर जाड अक्षरांत रंगवलेलं: 'हात कोपरातून, बोटांतून नव्हे.' आणि दाराच्या चौकटीत दोन्ही हात ताणून उभी एक किडकिडीत मुलगी. पंधरा वर्षांची असेल.

"तू मुंगी?"

"हो."

"दार सोड."

"आधी निकाल थांबवा."

"थांबवला. माझी सही झाल्याशिवाय तो कुठेही जात नाही. आता सांग."

मुंगीनं हात खाली घेतले. परीक्षक कोंडलेल्या बोक्यांसारखे तिच्या बाजूनं सटकले.

"बाई, माझा माऊस पळत होता. मी संघाची नेमबाज आहे. मी चुकले की संघ चुकतो. आज जिथे नेम धरायला जावं, तिथून हातभर पुढे जात होता. मला वाटलं, घाबरल्यामुळे हात थरथरतोय. सामना संपल्यावर सावकाश फिरवून पाहिला. कुणीतरी त्याचा वेग वाढवलाय."

तिनं माऊस पुढे धरला. बिनवायरीचा, काळा. पाठीवर चाक आणि चाकामागे एक बारीक बटण.

"हे दाबलं की वेग एक पायरी चढतो. मी कायम सगळ्यात खालच्या पायरीवर खेळते. आज तो पार वर होता."

"मग सामन्यातच दाबून खाली आणायचा."

"सामना सुरू झाल्यावर त्या बटणाला हात लावला तर बाद. तुमचाच नियम."

बाईंनी घसा साफ केला. "खेळण्याआधी तपासला नाहीस?"

"सरावाला वेळच देत नाहीत. पिशवी फोडायची आणि लगेच सामना. तोही तुमचाच नियम."

पिशवीची गोष्ट अशी. अशा माऊसच्या पोटात चोरून युक्त्या भरून ठेवता येतात. एक कळ दाबली की दहा कामं आपोआप. म्हणून आदल्या दुपारी मंडळाचा माणूस प्रत्येकाचा माऊस तपासायचा, पातळ पारदर्शक पिशवीत घालायचा आणि तोंडावर मंडळाची मोहोर लावायचा. पिशव्या रात्रभर शाळेच्या कपाटात. सकाळी मुलांनी स्वतः फोडायच्या.

"मोहोर शाबूत होती?"

"हो. मीच फोडली. पण बाई, एक आहे. याच्या पोटाखाली चालू-बंद करायची खिट्टी असते. काल मी तो बंद करून दिला होता. सकाळी पिशवीतून काढला, तर चालू. वाटलं, मीच विसरले असेन."

"समजा तू नापास राहिलीस. पुढच्या वर्षी पुन्हा बस."

मुंगीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "पुढचं वर्ष नाहीये. बाबा म्हणालेत, पास झालीस तर शिक, नाही तर सोमवारपासून दुकानात. आमचं चष्म्यांचं दुकान आहे. ते येतीलच आता मला न्यायला."

कपाट होतं शिक्षकांच्या खोलीत. किल्ली कपाटाशेजारीच खिळ्याला लटकत होती. बाई त्या किल्लीकडे नुसत्या बघत राहिल्या.

"इथे चोरण्यासारखं असतं काय?" कोपऱ्यातून आवाज आला. गणिताचे सर होते. सकाळी पर्यवेक्षक तेच होते.

"सर, काल दुपारनंतर हे कपाट कोणी उघडलं?"

"बाई, आधी मला सांगा, खेळण्यात कसलं आलंय प्रमाणपत्र? उद्या गोट्यांचं काढा. परवा झोपण्याचं."

"कपाट कोणी उघडलं?"

"ज्याला खेळता येतं त्याला कागद कशाला? आणि ज्याला येत नाही त्याला कागद देऊन तो काय जिंकणार आहे? आहे उत्तर?"

"नाही. कपाट."

"मी उघडलं. खडू काढायला. दोनदा. आणखीही कोणी उघडलं असेल, मी काय राखण करतो? दुपारी माझा जरा डोळा लागतो." सर पुढे झुकले. "पण आजची तऱ्हा ऐका. भर परीक्षेत संघाचे कोचसर दारातून ओरडले! 'कोपर टेकव! बोटांनी खेळ, बोटांनी!' मुख्याध्यापकांनी दंडाला धरून बाहेर नेलं त्यांना. गणिताच्या पेपरला मी 'हातचा घे, हातचा घे' असं ओरडलो तर चालेल?"

बाईंनी ते मनात ठेवलं आणि पुढच्याला बोलावलं.

पुढचा म्हणजे बोका. गोल चेहरा, घारे डोळे. संघातला राखीव खेळाडू. मुंगी गेली की जागा त्याची.

"मुंगी चुकली तेव्हा तू हसलास म्हणे."

"हसलो नाही. म्हणजे… थोडंसं. तोंड आपोआप झालं तसं."

"काल या खोलीत आला होतास?"

"पाणी प्यायला. इथलं गार असतं."

"कोण होतं?"

"गणिताचे सर घोरत होते. कोचसर कपाटाशी वायर शोधत होते. मला म्हणाले, 'पाणी पी आणि पळ.' बाई, एक विचारू? माझा मामा म्हणतो, मोठे संघ कागद बघत नाहीत, हात बघतात. आई म्हणते, हात काय आज आहे उद्या नाही, कागद हवा. तुमचं काय मत?"

"माझं मत असं आहे की तू प्रश्नाचं उत्तर द्यावंस. तिच्या माऊसला वेगाचं बटण आहे, हे तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या संघाला ठाऊक आहे. पण पिशवी तर बंद होती ना?"

तीच तर मेख होती. बंद पिशवी. न फुटलेली मोहोर.

मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि आवाज खाली आणला. "बाई, आपण असं म्हणू या का, की पोरगी घाबरली? प्रकरण वाढलं तर सगळा अभ्यासक्रम बुडेल. हा संघ पास झाला असता, तर कायमची मान्यता होती. मग रीतसर पदवीवाला शिक्षक नेमता आला असता. आता पुन्हा वर्षभर प्रयोगच म्हणायचं."

"म्हणजे आज कोचसर रीतसर नाहीत?"

"कोचसर म्हणजे… चांगला माणूस आहे. पण कागद नाही. प्रयोगाला चालतो, कायमला चालत नाही. तुम्हाला काय वाटतं, या सगळ्याला भवितव्य आहे का?"

"मुख्याध्यापक," बाई म्हणाल्या, "आल्यापासून मी एकच प्रश्न विचारते आहे आणि जो तो मलाच दुसरा प्रश्न विचारतो आहे. एका मुलीची परीक्षा कोणीतरी बुडवली. प्रमाणपत्र सोन्याचं आहे की पितळेचं, हे ती पास झाल्यावर ठरवू."

कोचसर जिन्यावर बसले होते. चाळिशी ओलांडलेला माणूस, मनगटाला पट्टा बांधलेला. शेजारी बसताना बाई थकून म्हणाल्या, "तुम्हीही मला विचारणार असाल, की या प्रमाणपत्राला काही अर्थ आहे का, तर मी उठते."

"मी कशाला विचारू? अभ्यासक्रम मीच लिहिलाय."

"एकट्यानं?"

"सगळा. हात कसा ठेवायचा, डोळे कधी मिटायचे, हरल्यावर संघाशी काय बोलायचं. मुलं खेळतात तेव्हा लोकांना वाटतं नुसती बडवाबडवी. शिकवावं लागतं ते."

"तुमच्याकडे कुठलं प्रमाणपत्र आहे?"

"मी शिकलो तेव्हा असला कागद होता कुठे? खेळताना दिसलो की वडील वेताच्या छडीनं मारायचे. वळ उठायचे, तेच प्रमाणपत्र." ते हसले, पण हसू ओठांवरच सुकलं.

"सकाळी ओरडलात का?"

"राहवलं नाही. पोर बुडत होती."

"कुठे उभे होतात?"

"दारात. आत यायची परवानगी नव्हती."

"काल कपाटाशी काय करत होतात?"

"वायर शोधत होतो. मिळाली नाही."

प्रत्येक उत्तर सरळ, आणि एकाही उत्तरानं गाडं पुढे सरकत नव्हतं. बाई रिकाम्या वर्गात येऊन बसल्या. चहावर साय धरली होती. डबा तसाच. डोकं भणभणत होतं. वैतागून त्यांनी मुंगीचा माऊस आणि फोडलेली पिशवी समोर ओढली. माऊस पिशवीत टाकला, काढला, पुन्हा टाकला. रागानं हाताला चाळा हवा असतो, तसा. पिशवी वरून घट्ट आवळली आणि अंगठा चोळत राहिल्या.

टिक्.

बाई थांबल्या. पुन्हा अंगठा दाबला. टिक्. पिशवीच्या आत, माऊसच्या कुशीला वेगाची पायरी दाखवणारा दिवा पिवळ्याचा हिरवा झाला.

त्यांनी पिशवी उलटी केली. पातळ प्लॅस्टिकवरूनच नखानं पोटाखालची खिट्टी सरकवली. दिवा विझला. पुन्हा सरकवली. लागला.

मग त्या उठून परीक्षेच्या खोलीच्या दारात गेल्या आणि बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. समोर पाच पडद्यांच्या पाठी. वर भिंतीवरची अक्षरं. "बोलवा सगळ्यांना," त्यांनी शिपायाला सांगितलं.

गणिताचे सर, बोका, मुख्याध्यापक, कोचसर आणि मुंगी. सगळे खोलीत आले. बाईंनी कुणाला बसायला सांगितलं नाही.

"पिशवी कोणी फोडली नाही," त्यांनी सुरुवात केली. "फोडायची गरजच नव्हती. बंद असलेल्या माऊसचं बटण दाबून काही होत नाही. आधी तो चालू करावा लागतो. कुणीतरी प्लॅस्टिकवरूनच खिट्टी सरकवली, बटण दाबून वेग पार वर नेला. आणि मध्येच व्यत्यय आला म्हणून खिट्टी परत सरकवायची राहिली. म्हणून सकाळी माऊस चालू सापडला. कसं झालं, ते हे. आता कोणी केलं?"

बोका गणिताच्या सरांच्या मागे सरकला.

"बोका, पुढे ये. तुला जागा हवी होती, पण आजच्या सामन्यात राखीव खेळाडू उतरणारच नव्हता. मुंगी बुडाली असती तर तुझा संघही बुडाला असता, तुझा कागदही. तू हसलास, ती खोडी. त्याला परीक्षा मंडळाची शिक्षा नाही."

"आणि मी?" गणिताचे सर छाती काढून म्हणाले.

"तुम्हाला हे प्रमाणपत्र बुडालेलं हवं आहे, आणि तुम्ही ते गावभर सांगता. पण सर, माऊसला पाठीवर बटण असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"बटण? कुठे?"

"तेच म्हणते." बाई भिंतीकडे वळल्या. "मुंगी, ही अक्षरं कोणी रंगवली?"

"कोचसरांनी."

"अर्थ काय त्याचा?"

"माऊस हळू ठेवायचा आणि सगळा हात हलवायचा. बोटांनी खेळलं की नेम कच्चा राहतो. पहिल्या दिवसापासून तेच शिकवलंय. बोटं हलली की पट्टी बसते आमच्या मनगटावर."

"मग बोटांनी कधी खेळावं लागतं?"

मुंगीनं भिंतीवरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली. सावकाश ती म्हणाली, "माऊस फार पळत असेल तर. तेव्हा कोपर टेकवून नुसती बोटं हलवली, तर थोडा आवरतो."

"सकाळी दारातून आवाज आला, 'कोपर टेकव! बोटांनी खेळ!' जो माणूस जन्मभर एक शिकवतो, तो भर परीक्षेत बरोब्बर उलटं ओरडतो. का? पडदा बघून? दारातून पडदा दिसत नाही. मी उभी राहून पाहिलं. दिसते फक्त मुंगी, आणि मुंगीचा हात तर शिकवल्याप्रमाणेच चालला होता. तिचा माऊस पळतोय हे त्या क्षणी तिलाही कळलं नव्हतं. जगात एकाच माणसाला ते ठाऊक होतं. ज्यानं तो पळता केला, त्याला."

कुणी कोचसरांकडे बघितलं नाही. कोचसर स्वतःच्या अक्षरांकडे बघत होते.

"बोका पाणी प्यायला आला, म्हणून खिट्टी राहिली," ते शेवटी म्हणाले. "पकडलंत बाई. चोरी नाही जमली नीट. पोर बुडताना बघितली आणि तोंडातून निघून गेलं."

"पण का?" मुख्याध्यापक ओरडले. "तुमचीच विद्यार्थिनी! तुमचाच अभ्यासक्रम!"

"माझाच. म्हणूनच." कोचसरांचा आवाज फाटला. "विहीर मी खणली. पाणी लागलं, तर म्हणे आता काठावर पदवीवाला बसणार. मी परीक्षेला बसतो म्हणालो, तर नियम म्हणतो शिकवणाऱ्याला बसता येत नाही. दुसरीकडे जाऊन शिकतो म्हणालो, तर दुसरीकडे हा विषयच नाही! संघ एकदा नापास झाला असता तर प्रयोग वर्षभर चालला असता. तेवढ्यात मी बाहेरून, दुसऱ्या कुठल्या विषयाची का होईना, पदवी पदरात पाडून घेतली असती. मुलं लहान आहेत, एक वर्ष गेलं तर काय बिघडतं, असं वाटलं."

"बाबा मला दुकानात बसवणार आहेत," मुंगी म्हणाली. "सोमवारपासून. तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही गं."

"विचारलंत कधी?"



गणिताचे सर सवयीनं काहीतरी म्हणायला गेले. बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

"परीक्षा आजच पुन्हा होईल," बाई म्हणाल्या. "बाकीचा संघ आणि परीक्षक, सगळ्यांना बोलवून घ्या. आधी माऊस तपासायला वेळ मिळेल, माझ्या जबाबदारीवर. कोचसर, तुमच्याबद्दल मी मंडळाला लिहिणार. त्या नियमाबद्दलही लिहिणार, पण त्याचं उत्तर कधी येईल ते मला विचारू नका. मी मंडळात बरीच वर्षं आहे. एवढंच सांगते. तुमचा राग खरा होता. तो काढायला तुम्ही सगळ्यात लहान माणूस निवडलात."

खिडकीबाहेर स्कूटर थांबली. खिशाला चष्म्याचं फडकं लटकलेला एक माणूस उतरला आणि घड्याळ बघत फाटकाशी उभा राहिला.

"सर, चला," मुंगी म्हणाली.

"कुठे?"

"बाबांकडे. तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर बहाणा वाटेल त्यांना."

मुख्याध्यापक "अगं, अगं" करेपर्यंत ती दाराबाहेर होती. कोचसर तिच्यामागून निघाले, फळ्यावर चूक सोडवायला बोलावलेल्या मुलासारखे. बाकीचे खिडकीशी जमले. आवाज आधी येत नव्हता. कोचसर खाली बघून बोलत होते. बाबांनी चष्मा काढला, फडक्यानं पुसला, पुन्हा घातला. आणि मग आवाज सगळ्यांनाच ऐकू आला.

"असल्या माणसांच्या हवाली केली मी पोरगी! बस झालं. नको तो खेळ आणि नको तो कागद. बस मागे. घरी चल!"

बाईंनी डोळे मिटले. दिवसभराचा सगळा शीण एकदम अंगावर आला. खरं शोधून काढलं, आणि खऱ्यानंच घात केला.

मुंगी जागची हलली नाही.

"बाबा, चूक त्यांनी केली," ती म्हणाली, "आणि दुकानात मी बसायचं?"

 मुंगीनं उत्तराची वाटही बघितली नाही. वळली, पायऱ्या चढली, सगळ्यांच्या मधून वाट काढत आपल्या जागेवर आली. बाईंकडून माऊस घेऊन चालू केला, सावकाश इकडून तिकडे फिरवून पाहिला. बाहेरून बाबांची हाक आली, मग आणखी एक. मुंगीनं उठून खिडकी लावली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "चालू करा, बाई."